हिऱ्याची रिक्त जागा

आमच्या थोरल्या काकांनी आयुष्यात कुणाचंही म्हणणं डावललेलं नाही, कारण ते म्हणणं तोंडाबाहेर पडायच्या आत त्यांनी ठराव मंजूर केलेला असतो. सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा माणूस, अशी गावात त्यांची ख्याती आहे. ती खरीही आहे. फक्त कुठे जायचंय हे बरोबर घेतलेल्यांना पोचल्यावर कळतं. मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग जुना आहे, आणि माझ्या साखरपुड्याच्या अंगठीतल्या हिऱ्यापाशी येऊन तो पिकला. पण काकांबद्दल रागाने लिहायला बसलं की मध्येच हसू येतं आणि राग नीट लिहून होत नाही. हीदेखील त्यांचीच चलाखी असावी, अशी मला शंका आहे.

काका आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे बावीस वर्षं अध्यक्ष होते, आणि बावीसही वर्षं बिनविरोध. बाकीची माणसं देवाचं नाव घेतात तसा ते हा शब्द उच्चारतात. मतदान म्हणजे त्यांच्या लेखी घरातली खरकटी भांडी रस्त्यावर आणून घासणं. कुणी विरोधात अर्ज भरलाच तर ते त्याच्याशी भांडत नसत, त्याच्याकडे चहाला जात. एकदा अशा एका उमेदवाराच्या गोठ्यात ते सकाळच्या धारेला जाऊन बसले, ते संध्याकाळची धार आली तरी उठेनात. निवडणुकीचं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. पेंडीबद्दल बोलले, खुरांच्या रोगाबद्दल बोलले, त्या माणसाच्या आजोबांच्या टोप्यांबद्दल बोलले. शेवटी त्यानेच माघारीचा अर्ज आणून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "अध्यक्ष, ह्यो घ्या आन घरी जावा. तुमच्यापायी माजी म्हस पान्हा सोडंना." काका हा प्रसंग आजही मनपरिवर्तनाचं उदाहरण म्हणून सांगतात.

मी नववीत असताना पाऊस सलग दोन वर्षं फिरकला नाही. जनावरं चारा छावणीत गेली, छावणीतून बरीचशी बाजारात गेली, आणि सकाळच्या संकलनाला कॅनपेक्षा माणसंच जास्त दिसायला लागली. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला सरकारी माणूस आला. त्याने काटा नेला, फॅट मोजायचं यंत्र नेलं, कपाट नेलं. सभेचं इतिवृत्त लिहायची एक जाड, कोरी वही मात्र काकांनी नेऊ दिली नाही. तेव्हापासून दर रविवारी आमच्या ओसरीवर सभा भरते. काका अध्यक्ष; काकू, माझे आईबाबा आणि मी सभासद. पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', शेवटचा 'ऐन वेळचे विषय', आणि मध्ये लिंबाची फांदी तोडणे, कुरडयांचा दिवस ठरवणे, बाबांची मोटरसायकल विकणे अथवा न विकणे. गणपूर्ती झाली नाही, म्हणजे आई-काकू चुलीपाशी आणि बाबा झोपलेले असले, तर काका नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असाही नियम आहे. त्यामुळे अर्ध्या तासाने ते ती एकटेच घेतात. अशाच एका सभेत काकूच्या तुळशीवृंदावनाची जागा बदलली गेली. सर्वानुमते.

ठराव वाचून झाला की ते चष्म्यावरून एक नजर फिरवतात आणि म्हणतात, "हरकत? न्हाई. मंजूर." ह्या तीन शब्दांच्या मध्ये दुसऱ्या कुणाला श्वास घ्यायचीही सोय नाही. घरात ही पद्धत संस्था बुडायच्या कितीतरी आधीपासून आहे. तेव्हा वही नव्हती, एवढंच. मी पाच वर्षांची असताना मला औरंगाबादला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं ते असंच. माझ्या एका हातात अर्धं बिस्कीट होतं आणि उरलेलं अर्धं तोंडात. "बगा, पोरीची बी हरकत न्हाई," असं काका तेव्हा म्हणाल्याचं आई सांगते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा, आणि सुट्टीत घरी आलं की "इंग्लिशमदी बोलून दाव" म्हणून आग्रह. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं, आणि सोयीचा हळूहळू स्वभाव झाला. काकांना असा सभासद म्हणजे पर्वणीच. त्यातून दुष्काळात वसतिगृहाचा खर्च झेपेना म्हणून मी कायमची घरी आले, आणि माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला सभेची सचिव केलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "सचिवानं लिव्हायचं. सचिवाला मत नसतंय." त्यामुळे बारावीनंतर मी काय शिकावं आणि कुठल्या स्थळाला होकार कळवावा, हे सगळं सर्वानुमते ठरलं आणि माझ्याच हस्ताक्षरात ठरलं. स्थळ चांगलं निघालं, ह्यात ठरावाचं काही कर्तृत्व नाही.

स्थळ नेकनूरचं. मुलाचं नाव प्रसाद, नोकरी पुण्यात. साखरपुड्याला त्याने माझ्या बोटात जी अंगठी घातली तिच्यात साबुदाण्याएवढा हिरा होता. पुढे महिनाभराने एका सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला आणि मी पाइप दोन्ही हातांनी धरून ड्रम भरला. पाइपाच्या तोंडाला तारेने आवळलेली पट्टी होती. ती कधी अंगठीत अडकली ते कळलं नाही. दुपारी भाकरी थापताना पाहिलं तर खडा धरणाऱ्या चार आकड्यांच्या मधोमध नुसतं भोक. बाबा ड्रम आडवा करायला धावले. काका आडवे आले. "पाणी सांडायचं न्हाई. टँकर आता चौथ्या दिशी येनार हाय. हिरा काय पोहून जातोय व्हय?" मग ड्रम वापरून रिकामा करायचं ठरलं. दोन दिवस आमच्या घरातला पाण्याचा थेंब न् थेंब काकूच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळला गेला. अंघोळ मोठ्या परातीत उभं राहून करायची आणि बाहेर आल्यावर "काही आढळले नाही" असं अध्यक्षांना कळवायचं. बाबा शाळेत मुख्याध्यापक आहेत. टॉवेल गुंडाळून त्यांनाही हे कळवावं लागलं. ड्रमच्या तळाशी एक वायसर, दोन टिकल्या आणि शंखाएवढी एक गोगलगाय निघाली. "हिरा गहाळ, जागा रिक्त, अशी नोंद घे," काका मला म्हणाले.

नोंद मी घेतली, पण माझं लक्ष लागेना. आठ दिवसांनी बस्ता होता, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्ही घरची मंडळी बीडला जमणार होती. तिथे सासूबाई पहिल्यांदा माझा हातच बघणार. आईच्या डोक्यात एकच, की साखरपुड्याचा खडा पडला म्हटल्यावर लोक तोंडाला येईल ते बोलतील. बाबांच्या डोक्यात, की ते लोक काय समजतील. माझ्या डोक्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. मला प्रसादला फोन करून जे झालं ते सांगून टाकायचं होतं, एवढंच. पण काकांनी "सध्या वाच्यता न्हाई" असा हुकूम काढला आणि मला जीपमध्ये बसवून केजला सराफाकडे नेलं.

ह्या सराफांच्या वडिलांच्या दोन म्हशींचं दूध पूर्वी संस्थेत येत असे, म्हणून ते काकांना अजून अध्यक्षच म्हणतात. त्यांनी कागदाच्या दोन पुड्या उलगडून समोर ठेवल्या. "अध्यक्ष, ह्यो खाणीतला हाय. जरा बारका हाय आन पिवळसर बी. ह्यो दुसरा लॅबमदी तयार झालेला. मापाला तुमच्या गेलेल्याचा जुळा भाऊ. दोनी हिरेच, नुसत्या डोळ्यानं फरक कळायचा न्हाई."

"म्हंजे एक गावरान आन एक संकरित," काका म्हणाले.

"तसंच म्हना."

"कृत्रिम रेतनाचा," काकांनी भर दुकानात खुलासा केला. शेजारी डोरली बघत बसलेल्या दोन बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. मी भिंतीवरच्या लक्ष्मीकडे पाहू लागले. "ह्याला फॅट किती?"

सराफ मुरलेले होते. "शुद्धतेचं म्हंता ना? चांगली हाय."

"आन डिग्री?" काकांनी दुधाचा दाटपणा मोजायचं मापही लावून पाहिलं.

"डिग्री बी चांगली हाय."

मग काकांनी गावरान आणि संकरित ह्या विषयावर जे भाषण केलं ते मी लहानपणी दूध संस्थेच्या सभेत ऐकलेलं होतं. फक्त गाईच्या जागी हिरा आला होता. गावरान काटक, पण देणार किती. संकरिताला लोक आधी नावं ठेवतात आणि मग रांग लावतात. सराफ माना डोलावत होते, भिंग ह्याच्या हातातून त्याच्या हातात माझ्या डोक्यावरून ये-जा करत होतं, आणि माझं बोट मात्र माप बघण्यासाठी खुंटीसारखं काउंटरवर मांडलेलं होतं. ज्या बोटात ती अंगठी जन्मभर राहायची त्या बोटाला वगळून दोन वडीलधारे पुरुष तासभर खडा निवडतात, ह्याचा मला इतका संताप आला की चहा आल्यावर मी तो घेतला नाही. काकांच्या हे लक्षातही आलं नाही. माझा चहा त्यांनीच प्यायला. ते दोघे बशीत गुंतलेले असताना मी भिंग उचलून डोळ्याला लावलं. खरं सांगायचं तर संकरितच मला आवडला. स्वच्छ होता, आणि उगाच भाव खात नव्हता. म्हणजे निवडीबद्दल माझी तक्रारच नव्हती. विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि ह्याचाच मला जास्त राग आला.

सराफांनी दोन्ही पुड्या जांगडावर दिल्या, म्हणजे पसंत पडेपर्यंत विश्वासावर घरी न्यायला. काकांनी त्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि जीपमध्ये पूर्ण रस्ताभर उजवा हात छातीवर दाबून धरला. पाटल्या घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना दम्याचा त्रास आहे असं समजून खिडकीची जागा दिली. ती त्यांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. ताटात दोन पुड्या, समोर काका, बाजूला बाबा, खांबाला टेकून आई, उंबऱ्यात वाती वळत काकू, आणि वही मांडीवर घेऊन मी. काकांनी ठराव सांगितला आणि मी लिहिला: साखरपुड्याच्या अंगठीतील हिऱ्याची रिक्त जागा संकरित हिऱ्याने, सासरच्या मंडळींस कळू न देता, भरण्यात यावी. सूचक अध्यक्ष. अनुमोदक बाबा.

'कळू न देता' लिहून झालं आणि माझा हात थांबला. गप्प बसण्याची मला सवय आहे. पण आजवर मी गप्प बसले ते माझं होतं. हे गप्प बसणं दुसऱ्यांनी ठरवून माझ्या बोटात घालायचं होतं, आणि सासरी कुणीही कौतुकाने माझा हात हातात घेतला की मला ते पुन्हा पाळावं लागणार होतं.

"हरकत? न्हाई. मं..."

"हरकत आहे," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. काकांना मात्र तो ऐकू आला. त्यांनी चष्मा काढला.

"सचिवाला हरकत घेता येत न्हाई."

"मग मी सचिवपदाचा राजीनामा देते. सभासद तर मी जन्मापासून आहे."

"राजीनामा सभेनं मंजूर कराया लागतो."

"मंजूर," काकू वातीवरची नजर न काढता म्हणाली.

काका तिच्याकडे बघत राहिले. तुळशीवृंदावनापासून ती सभेत काही बोललीच नव्हती. मी वही बाजूला ठेवली आणि सात वर्षं लिहून लिहून पाठ झालेल्या भाषेत म्हणाले, "माझी उपसूचना आहे. ठरावातले 'कळू न देता' हे शब्द वगळावेत. खडा हाच बसवावा, पण आधी मी प्रसादला सांगणार. सराफाकडे त्यांना बरोबर घेऊनच जाऊ."

"अगं, लग्न होऊ दे, मग सांग की सावकाश," बाबा म्हणाले. "दादा, तुम्ही तरी सांगा तिला."

"खडा पडला म्हनलं की माणसं काय बी अर्थ काढत्यात," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मोडलं बिडलं तर?"

तीच भीती मलाही होती. ती नव्हती असं मी दाखवणार नाही.

काका सभा तहकूब करतील असं वाटलं. पण त्यांनी घसा साफ केला आणि एखादा परका शब्द उच्चारावा तसं म्हणाले, "मतदान घ्यावं लागंल." हात वर झाले. ठरावाच्या बाजूने आई आणि बाबा. उपसूचनेच्या बाजूने मी, आणि वातीसकट काकू. "तुमी कावून हात वर केला?" काकांनी तिला विचारलं. तिच्याशी ते सभेत नेहमी मानाने बोलतात. "चाळीस वर्सं तुमी मोजलाच न्हाई, म्हनून," ती म्हणाली.

दोन आणि दोन. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. मतं समसमान पडली तर मात्र निर्णायक मत त्यांचं. बावीस वर्षांत ते वापरायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती. आता ते ताटातल्या पुड्यांकडे पाहत इतका वेळ बसले की बाबांनी दोनदा खोकून बघितलं.

"संस्था बंद करायचा ठराव मीच मांडला व्हता," काका म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "शाळेच्या पटांगणात सभा व्हती. समदा गाव आलता. मी इचारलं, हरकत. कुनी बोललं न्हाई. मला वाटलं ऐकू गेलं नसंल, म्हनून पुन्यांदा इचारलं. तिसऱ्यांदा बी इचारलं. एकानं जरी हात वर केला असता ना, तर मी कागूद फाडून टाकला असता. आनखी एक साल कळ काढली असती." त्यांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "मीच समद्यांना सवय लावलेली. हात कोन वर करनार?"

मग त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, खांद्याच्याही वर, शाळेतल्या मुलासारखा. "उपसूचनेच्या बाजूनं एक," ते म्हणाले. "पोरी, लाव फोन."

मी परसात जाऊन फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं: टँकर, पाइप, परात, संकरित. पलीकडे काहीच आवाज नाही. दुसरं कुणी असतं तर त्याचा अर्थ लावून मोकळं झालं असतं. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने प्रसाद म्हणाला, "बोटाला लागलं नाही ना?" आणि मग म्हणाला, "बस्त्याच्या आधी केजला थांबू आपण. मला खड्यातलं कळत नाही, तूच बघ. पण आईला मी आजच सांगतो, तिला तिथे जाऊन कळलं तर लई चिडंल."

त्याच दिवशी सांगूनही सासूबाई चिडायच्या तेवढ्या चिडल्याच. सराफाच्या दुकानात माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पडला तवाच कावून न्हाई सांगितलं?" मी खरं तेच सांगितलं, "मला मत नव्हतं." त्यांना काही कळलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि काका सराफाच्या काट्याचं निरीक्षण करू लागले. खडा मी भिंगातून पाहिला, प्रसादला दाखवला आणि बसवायला दिला. सासूबाई दुपारपर्यंत फुगलेल्या होत्या. बीडला बस्त्याच्या दुकानात मात्र त्यांनी एक डाळिंबी शालू माझ्या खांद्यावर टाकला आणि जरा घुश्शातच विचारलं, "ह्यो रंग चालंल का तुला?" मी म्हणाले, मोरपंखी बघू या. काका दोन गाद्या सोडून बसले होते. त्यांनी काहीही मंजूर केलं नाही.

त्या सभेचं इतिवृत्त तसंच राहिलं होतं, कारण सचिवाने राजीनामा दिलेला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी मला ओसरीवर बोलावलं. वही त्यांच्या मांडीवर होती, आणि शाईचं पेन त्यांनी स्वतः भरलं होतं. ठराव त्यांनी आपल्या मोठ्या, तिरक्या अक्षरात उतरवला होता आणि शेवटच्या शब्दापाशी ते अडले होते. "बहुमताने," त्यांनी मला विचारलं, "ह्यात मात्रा कितव्या अक्षरावर?"

"शेवटच्या. न वर."

त्यांनी शब्द लिहिला. वही लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला.

"दिसायला वाईट न्हाई," ते म्हणाले.

वहीत अजून वीसेक पानं कोरी होती. पुढच्या रविवारी कोण लिहिणार, हे त्यांनी विचारलं नाही. अंगणात मांडवाचे खांब रोवत होते आणि कडक जमिनीवर पहार आपटल्याचा आवाज येत होता. काका त्या ओळीवर फुंकर घालत बसले होते. शाई केव्हाच वाळली होती.